तारीख नसलेली रजा

स्टूरुमान, ६ फेब्रुवारी

मारिता,

कोणाशी गाठ आहे ते आधी नीट कळावं, म्हणून सांगतो. या दोन हातांनी मी आजवर बनवलं ते असं: तळ्याकाठचा घाम गाळायचा सौना, त्याच्या चुलीसकट. पाइनच्या फळ्यांची होडी, जी एकोणीस उन्हाळे पाण्यात आहे आणि अजून थेंब आत घेत नाही. स्नो-स्कूटरमागे जोडायची घसरगाडी. आईच्या चाकाच्या खुर्चीसाठी दारातला उतार. आपल्या खिडक्यांच्या कारखान्यातलं काचा उचलायचं यंत्र, ज्याचा फोटो तुमच्या मुख्य कचेरीने माहितीपत्रकावर छापला आणि खाली माझं नाव घालायला विसरली. कॉफीच्या खोलीतला रजेचा फळा. आणि त्या फळ्याबरहुकूम, पुस्तकं मागवून, हिवाळ्याच्या संध्याकाळी, कोणाच्या बापाला न विचारता शिकून लिहिलेला रजेचा प्रोग्राम.

तुमच्या परिपत्रकात या शेवटच्या दोन गोष्टींना 'घरगुती जुगाड' म्हटलंय आणि ते 'परवडणारं सॉफ्टवेअर' येताच बंद करा असा हुकूम आहे. खाली सही तुझी. माझ्या सख्ख्या मामाच्या मुलीची! हे कागदावर लिहितोय, कारण कारखान्याच्या मेलवर लिहिलं तर नवा डायरेक्टर पॉन्टुसही वाचेल, आणि त्याला लिहायचं ते मी वेगळ्या शब्दांत लिहीन.

दोन वर्षांपूर्वी आली होतीस तेव्हा त्या फळ्यासमोर कॉफी पीत 'छान आहे रे' म्हणालीस. छान म्हणणाऱ्यांना बहुधा काही कळलेलं नसतं, म्हणून पुन्हा सांगतो. आडव्या ओळी माणसांच्या, उभ्या आठवड्यांच्या. निळी खुंटी सुट्टीची, तांबडी आजारपणाची, पिवळी पोर आजारी असल्याची. आणि एक खुंटी दोरीला लोंबणारी, कुठल्याच भोकात न बसवलेली. ती काच विभागातल्या रिस्टीनची.

रिस्टीन सामी आहे, पिढ्यानपिढ्या रेनडिअर पाळणाऱ्यांतली, तिच्या घरचे रेनडिअर वर डोंगरात असतात. जूनअखेरीपासून पुढे कधीतरी, डास वाढले, वारा पडला, की कळप एके ठिकाणी गोळा होतो. तेवढेच दिवस वासरू आईच्या मागेमागे फिरतं. कुणाचं वासरू ते तेव्हाच कळतं, आणि तेव्हाच त्याच्या कानाला सुरीने आपली खूण करायची. ते दिवस हुकले की वासरू हातचं गेलं. पण ते कधी येणार हे कळपालाच ठाऊक. फोन येतो, आणि निघायचं. लोंबत्या खुंटीचा अर्थ: रजा हिची, तारीख नाही. तिच्या जागी उभं राहायचं तिच्याच विभागातल्या केंटने कबूल केलंय, म्हणून त्याचंही नाव त्याच दोरीला.

तिची नोकरी या दोरीवर आहे, मारिता. रेनडिअर आज माणसाला पोसत नाहीत, कारखान्याचा पगार रेनडिअरना पोसतो. एक सुटलं की दुसरं सुटतं.

तुम्हाला स्वस्तातलं हवंय. माझं फुकट आहे. याहून स्वस्त काय आणणार आहेस?

होकान


वेत्लांडा, १९ फेब्रुवारी

होकान,

कागदाला भोक पडेल इतकं पेन दाबून लिहितोस अजून. शाळेतही वह्या अशाच फाडायचास.

'घरगुती जुगाड' हे शब्द माझे नाहीत, सही माझी आहे. मुख्य कचेरीतल्या माणसाचं कामच ते.

आता माझंही ऐक. तीन कारखाने, तीन तऱ्हा. इथे वेत्लांडात एक बाई भिंतीवरच्या कॅलेंडरात पेन्सिलीने लिहिते. तिसऱ्या ठिकाणी कोणी काहीच लिहीत नाही, सगळं मुकादमाच्या डोक्यात. आणि तुझ्याकडे तुझा तो प्रोग्राम, ज्याचा पासवर्ड जगात एकट्या तुला माहीत. गेल्या वसंतात तू बर्फाला भोक पाडून मासे धरत बसला होतास, इकडे पगाराचा दिवस, आणि मला स्टूरुमानची एक रजा दिसेना. तुझ्या बायकोला फोन केला तर म्हणते, "तो तळ्यावर आहे, हाक मारून बघ." वेत्लांडातून! उद्या बर्फ फुटून तू आत गेलास, तर तुझ्याबरोबर चौतीस माणसांच्या रजा बुडतील. याचं उत्तर आहे तुझ्याकडे?

मी तीन सॉफ्टवेअर तपासली. महागडं माणशी महिना एकोणपन्नास क्रोनर, मधलं एकोणतीस, स्वस्त अकरा. मधल्यात 'तारीख नंतर ठरेल' अशी सोय आहे. मी मधलंच सुचवलं, लेखी. पॉन्टुसने कागदावरून नजर फिरवली, अकरावर बोट ठेवलं, म्हणाला, "रजा ती रजा. तिच्यात चवी कसल्या?" बैठक संपली.

रिस्टीनने अंदाजाने तारखा टाकाव्यात. चौदा दिवस आधीपर्यंत बदलता येतात. आणि एक विचारते, रागावू नकोस, म्हणजे रागावशीलच: तिने तुला वकीलपत्र दिलंय का?

मारिता


स्टूरुमान, ११ मार्च

मारिता,

चौदा दिवस! कळपाला पत्र पाठवू का? 'कृपया आपल्या आगमनाची पूर्वसूचना द्यावी'?

तुमचं अकरा क्रोनरचं रत्न चाचणीसाठी मिळालं. कोणीही बघितलं नसेल इतकं बारकाईने बघितलं. ऐक.

एक तर ते फुगे सोडतं. रजा मंजूर झाली की पडद्यावर रंगीत फुगे चढतात आणि खाली 'हुर्रे! मजा करा!' पॅकिंगमधल्या बेरितने आईच्या अंत्यविधीसाठी एक दिवस मागितला. फुगे. हुर्रे. मजा करा. ती बिचारी माझ्याकडे पाहत राहिली, मी पडद्याकडे. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात एखाद्या यंत्राची मला कधी लाज वाटली नव्हती.

दुसरं, मध्यउन्हाळ्याच्या सणाची आदली संध्याकाळ त्याला कामाचा दिवस वाटते. सरकारी यादीत ती सुट्टी नाही, हे मलाही माहीत आहे, पण या देशात त्या दिवशी कोण कामावर जातं? नव्या बटाट्यांची पातेली चुलीवर, सगळा गाव फुलापानांच्या खांबाभोवती नाचतोय, आणि तुमचा प्रोग्राम प्रत्येकाच्या हक्काच्या सुट्टीतून एक दिवस गुपचूप कापतोय. हे कोणी बनवलं ते ठाऊक नाही, पण त्याने आमच्यात एक जूनही घालवलेला नाही हे नक्की.

तिसरं, एका विभागातून एका वेळी दोघांनाच मंजुरी, तिसऱ्याला नकार. का, हे विचारायची सोय नाही. बटणच नाही.

वकीलपत्राचं म्हणशील तर मी रिस्टीनला विचारलं. काच पुसत होती, मान वर न करता म्हणाली, "होकान, तुला माझी रजा वाचवायचीय की तुझा फळा?"

मी म्हटलं, "दोन्ही एकच आहे."

"तुझ्यासाठी असेल. मला फळा नकोय, दिवस हवेत. फळ्यावर वाटल्यास तू लोंब."

केंट इतका हसला की त्याची कॉफी नाकातून आली. हे मी तुला लिहितोय कारण मी लपवाछपवी करत नाही. तू करतेस. मधलं सुचवलं आणि बैठक संपली! एकोणतीस आणि अकरा यांच्या मधल्या पैशांत रिस्टीन बसते हे तुला दिसलं होतं, तरी बैठक संपू दिलीस.

होकान


वेत्लांडा, २८ एप्रिल

होकान,

सणाच्या आदल्या दिवसाची चूक खरी होती. ती मी हाताने दुरुस्त केली, तिन्ही कारखान्यांसाठी. तुझे आभार, आणि हे मी बैठकीत तुझं नाव घेऊन सांगितलं. (घेतलं. विचार हवं तर कोणाला.)

फुगे बंद करता येत नाहीत. विचारलं मी. ते बंद करायची सोय एकोणतीसवाल्यात आहे.

एक मेपासून सगळीकडे हेच. फळा उतरवायचाय, भिंत मोकळी हवी असं पॉन्टुसचं म्हणणं आहे. तू स्वतः उतरव, म्हणजे कोणी तोडणार नाही. जूनअखेरीसाठी रिस्टीनने तारखा टाकल्यात, त्या मी मंजूर केल्या. कळप निदान या वर्षी तरी माझं ऐको.

मारिता


स्टूरुमान, १२ जुलै

मारिता,

कळपाने तुझं ऐकलं नाही.

तिने टाकलेल्या तारखांत पाऊस आणि वारा. रेनडिअर डोंगरभर पांगलेले, एक कान हाताला लागला नाही. तिची मंजूर रजा, फुग्यांसकट, छपराकडे बघण्यात गेली. ती परत कामावर आली. मग ऊन पडलं, डास उठले, आणि गुरुवारी कॉफीच्या वेळी तिच्या भावाचा फोन आला. तिच्या हातात तेव्हा अर्धी बसवलेली काच होती. केंटने ती काच तिच्या हातातून घेतली आणि म्हणाला, "जा ना! बघत काय बसलीस?" ती गेली. काच केंटने बसवली, पुढच्या सगळ्या दिवसांच्याही. एक खिडकी उशिरा गेलेली नाही. हे लिहून घे: एकही नाही.

आणि यंत्राने काय केलं? पहिल्या दिवशी 'विनापरवानगी गैरहजर'. मग एक ताकीद, मग दुसरी, मग तिसरी, एकापाठोपाठ एक, आपोआप. डोंगरातून ती उतरली, अंगाला धुराचा वास, हाताला सुरीचे वण, वर्षभराचं काम मनासारखं झाल्याचा आनंद तोंडावर. दारातच तिने फोन उघडला. तिसऱ्या ताकिदीत लिहिलंय: पुन्हा असं झाल्यास नोकरी संपुष्टात येऊ शकते.

खाली सही: मारिता.

तिने मला तो पडदा दाखवला. म्हणाली, "ही तुझी मामेबहीण ना? आमच्या शेजारच्या शेतातली? हिला लहानपणी माझ्या आजीने खुणा करायच्या कुंपणावर बसवून दाखवलं होतं सगळं."

मी फोन तिला परत दिला.

सतरा वर्षं ती त्या काचांपाशी उभी आहे. तुम्ही अकरा क्रोनरमध्ये तिला बेशिस्त ठरवलंत. तू त्या कुंपणावर बसलेली, मारिता! पॉन्टुसला कळप ठाऊक नाही, त्याला मी माफ करू शकतो. तुला कसं करू?

होकान


(पोस्टकार्ड) योलांड, १९ जुलै

होकान, मी सहा ऑगस्टपर्यंत सुट्टीवर आहे, कचेरी बंद आहे, पॉन्टुस कुठल्याशा होडीवर आहे. तुझं पत्र इथे माझ्यामागे आलं. आता काही करता येत नाही. आल्यावर बघते. मारिता


स्टूरुमान, २४ जुलै

पोस्टकार्ड मिळालं. समुद्र फारच निळा दिसतोय. मजा करा.

होकान


वेत्लांडा, १४ ऑगस्ट

होकान,

तुझ्या त्या दोन शब्दांनी जे व्हायचं ते झालं. पोचले मला.

त्या ताकिदी मी लिहिल्या नाहीत. प्रोग्राम माझ्या नावाने आपोआप पाठवतो, आणि हे मला तुझ्या पत्रातून कळलं. याने मी सुटते असं म्हणत नाही. माझं नाव कुठे कुठे छापलं जातं हे मी बघायला हवं होतं.

आल्या दिवशी पॉन्टुसकडे गेले. ताकिदी मागे घे म्हटलं. तो म्हणाला, "एकीला सूट दिली तर नियम कशाला?" म्हटलं, मग मधलं सॉफ्टवेअर घे, फरक माझ्या पगारातून काप. हसला. त्याला ती थट्टा वाटली. शेवटचं त्याचं असं: एक ऑक्टोबरपर्यंत रिस्टीनने पुढच्या सालच्या पक्क्या तारखा द्याव्यात, नाहीतर अर्ध्या वेळेची नोकरी घ्यावी. अर्ध्या पगारात तिचं भागणार नाही हे मला माहीत आहे. सांगायची गरज नाही.

हे सगळं समजावून सांगायला तो स्वतः तुमच्याकडे येतोय. विमानाचं तिकीट मी काढलं: सप्टेंबरचा पहिला सोमवार, सकाळचं. दिवस सगळ्यांना सोयीचा आहे ना, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, प्रोग्राममध्ये तर साधा सोमवार दिसतोय.

मारिता


स्टूरुमान, १८ ऑगस्ट

मारिता,

आता मात्र हद्द झाली. सप्टेंबरचा पहिला सोमवार! मूस हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस! तुमच्या दक्षिणेत शिकार ऑक्टोबरात सुरू होते, म्हणून तू इथला सोमवारही विसरलीस? आपले आजोबा त्या दिवशी चर्चमधल्या लग्नालाही गेले नव्हते, आणि लग्न त्यांच्या मुलीचं होतं!

कारखान्यात त्या दिवशी कोण असतं? मी आणि रिस्टीन सोडून सगळ्यांनी रजा मागितलीय, नेहमीप्रमाणे. तुमच्या यंत्राने विभागातल्या दोघा-दोघांना फुगे दिले आणि बाकीच्या सव्वीस जणांना नकार. केंटने नकार वाचला, फोन खिशात टाकला आणि बंदुकीला तेल घालायला बसला. कोणी अर्जाचं नावही काढत नाही. तुझा डायरेक्टर भिंतींशी बोलणार आहे. त्याला वेळीच कळव, निदान फजिती तरी टळेल.

होकान


वेत्लांडा, २२ ऑगस्ट

होकान,

मी तिथे जन्मले. कुठला सोमवार ते मी विसरलेले नाही.

तोंड बंद ठेव. जमलं तर.

मारिता


स्टूरुमान, ९ सप्टेंबर

मारिता,

तुझं ते दोन ओळींचं पत्र मी चारदा वाचलं. मग मला कळलं की तो सोमवार तू मुद्दाम काढलास, आणि मग मला पुन्हा राग आला. सरळ सांगितलं असतंस तर मी आठवडाभर तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या नसत्या. काही फार चांगल्या होत्या, वाया गेल्या.

झालं ते सांगतो, क्रमाने.

सोमवारी पॉन्टुस आला, हातात केकचा मोठा खोका, चौतीस माणसांना पुरेल एवढा. यंत्रं बंद. दिवे अर्धे. काच विभागात रिस्टीन, आणि शिडीवर मी. मी शिकार करत नाही, मासे धरतो, हे तुला माहीत आहे. मंजुरीवाले असोत की नकारवाले, बाकी सगळे जंगलात.

"लोक कुठे आहेत?"

"जंगलात," रिस्टीन म्हणाली.

"सगळे?"

"कुत्रेसुद्धा."

"पण रजा तर थोड्यांच्याच मंजूर..."

"ते मूसना कळवायचं राहिलं वाटतं."

तेवढ्यात त्याचा फोन वाजायला लागला. तिसरी ताकीद डायरेक्टरला जाते ना, तशी विभागाच्या विभाग गैरहजर असल्याचीही सूचना जाते. एक वाजली, दुसरी वाजली, मग थांबेचना. सव्वीस माणसांना ताकिदी, सगळ्या तुझ्या सहीच्या. तो फोन हातात धरून उभा, आणि रिस्टीन त्याच्या खोक्यातून केकचा तुकडा कापत म्हणते, "काढून टाक सगळ्यांना. मी एकटी करते खिडक्या. जूनपर्यंत थांबशील ना?"

तो हसला नाही, पण चिडलाही नाही. इतकं श्रेय मी त्याला देतो. शिडीखाली आला आणि मला म्हणाला, "हे दर वर्षी होतं?"

"दर वर्षी."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"फळ्यावर होतं. तू उतरवायला लावलास."

तो गावात मुक्कामालाच राहिला. गुरुवारी केंट जंगलातून आला, बुटांवर रक्त, दाढी वाढलेली. तो इथला युनियनचा प्रमुख आहे हे तुझ्या पॉन्टुसला तेव्हा कळलं. पॉन्टुस म्हणाला, शिकारीच्या आठवड्यात कारखानाच बंद ठेवू, सगळ्यांची सुट्टी एकत्र, ताकिदींचा प्रश्न मिटेल. पण सुट्ट्या हलवायच्या तर युनियनची सही लागते. केंट टेबलाशी बसला, बूट न काढता.

"सही करतो. पण त्याच कागदावर दुसरं कलम घाल. रिस्टीनची तारीख नसलेली रजा. फोन आला की जाईल, तिची जागा मी बघीन. आणि ताकिदी सगळ्यांच्याच मागे, तिच्याही."

"एका माणसासाठी कलम?"

"मूस तर माणूसही नाही. त्याच्यासाठी घालतोयस ना?"

रिस्टीन दारात उभी होती.  पॉन्टुसने दुसरं कलम स्वतःच्या हाताने लिहिलं. मग सही केली. पुढच्या सालापासून हे कलम कुठल्याही प्रोग्रामच्या वर. प्रोग्राम काय म्हणतो ते विचारायचंच नाही.

बाहेर पडताना रिस्टीन माझ्या दंडाला धरून म्हणाली, "आता गप्प बसशील ना? दिवस मिळाले मला."

"आणि फळा?"

"तो तुझ्या सौन्यात लाव. घाम गाळताना बघत बस."

केंटने पुन्हा नाकातून कॉफी सांडली. त्या माणसाला कोणीतरी प्यायला शिकवलं पाहिजे.

तुझ्यावरचा माझा राग पुरता गेलेला नाही. फेब्रुवारीत ती बैठक संपू द्यायला नको होतीस, हे मी म्हणत राहणार. पण पासवर्डचं तुझं खरं होतं. एका पाकिटात घालून बायकोकडे दिलाय. ऑक्टोबरात ये. पाल्ट करायला सांगतो तिला, मांस भरलेले बटाट्याचे गोळे, वर लोणी हवं तेवढं.

होकान

ता. क. हे बायकोला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा फोनवर तिच्याशी बोलताना जीभ सांभाळ. निघताना पॉन्टुस मला गाडीपाशी घेऊन गेला. म्हणाला, तुझा प्रोग्राम पाहिला, अकरावाल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, तिन्ही कारखान्यांत लावू, वर तुझं नाव छापू. एकच अट. तारीख नसलेल्या रजेची ओळ त्यातून काढून टाकायची. इथलं काय ते कागदावर राहील, पण वेत्लांडात आणि तिसऱ्या ठिकाणी ती कोणाला दिसता कामा नये, दिसली की मागतील. मी विचारलं, मागितली तर काय बिघडेल? तो म्हणाला, "होकान, व्यवहार समजून घे." मी म्हटलं, मी बनवलेल्या होडीची एक फळी काढून तिला होडी म्हणून विकत नाही. तू तिथे वेत्लांडात आहेस, आणि तिथल्या कोणाला कधी लागली तर ती ओळ युनियनच्या सहीच्या बदल्यात मागायची कशी हे आता तुला माहीत आहे. ती ओळ खोडायचे तो मला पंच्याऐंशी हजार क्रोनर देत होता. मी नको म्हणालो.